डायनॅमो येडगडे

माझे सासरे मला रोज वेडा म्हणतात आणि मी ते निमूटपणे ऐकून घेतो, अशी व्यवस्था आमच्या घरात काही महिने अगदी सुरळीत चालली होती.

वेडा म्हणजे अगदी तोंडावर, आल्यागेल्यासमोर, आणि तेही आदरार्थी बहुवचनात. 'येडगडे, जावईबापू, येडगडे!' आता 'येडं' म्हणजे वेडं, एवढं मला कळत होतं. पण पुढचं ते 'गडे'? नव्या नवरीनं पदराशी चाळा करत 'असं काय गडे' म्हणावं, तसं सत्तरी ओलांडलेल्या, भरघोस पांढऱ्या मिशांच्या गृहस्थानं मला म्हणावं? 'येडं'चं दुःख मी गिळलं होतं. 'गडे' काही केल्या घशाखाली उतरत नव्हतं.

सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांचं घराणं तीन-चारशे वर्षांपूर्वी कुठल्याशा मराठी फौजेबरोबर बेंगळुरूला आलं आणि (बहुधा परतीची सोय न झाल्यामुळे) इथंच राहिलं. घरात अजून मराठीच बोलतात, पण त्या मराठीत कन्नड असं मुरलंय की कुठलं वाक्य कुठल्या गावाला जाऊन पोचेल याचा भरवसा नाही. मी पुण्याचा. मला कन्नडमधलं 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, एवढंच येत होतं आणि तेवढ्यावर रिक्षावाल्यांशी माझा संसार चालला होता.

मारतहळ्ळीला माझी नोकरी होती, जवळच भाड्याचा फ्लॅट होता. मग एके दिवशी कंपनीला आपण फार माणसं ठेवल्याचा साक्षात्कार झाला आणि त्या फार माणसांत मी निघालो. फ्लॅट सोडून आम्ही के. आर. पुरमला अण्णांकडे राहायला आलो. नोकरी गेल्याचं अण्णांना सांगायचं नाही, असं माझ्या बायकोनं, वैजूनं ठरवलं. सासूबाईंना जाऊन वर्ष झालं नव्हतं. अण्णा आधीच मिटून गेले होते, दिवसभर खिडकीशी बसून राहायचे, त्यात ही भर नको. "वर्क फ्रॉम होम आहे म्हणायचं," ती म्हणाली. त्यामुळं मी रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून (खाली लुंगी) बंद कॅमेऱ्यासमोर बसायचो आणि अण्णा दारावरून गेले की 'येस, येस, शुअर' म्हणायचो. वैजू खऱ्या ऑफिसला जायची. ती गेल्यावर घर इतकं शांत व्हायचं की मला माझ्याच 'शुअर'ची लाज वाटायची.

पण म्हातारा वस्ताद होता. त्याला सगळं कळलंय, याची खात्री मला पहिल्याच दिवशी पटली होती. मी दोन्ही हातांत बॅगा घेऊन घरातल्या बोळात उभा, अण्णांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "येडगडे." मी मान खाली घालून समोर दिसेल त्या दारात शिरलो. ती मोरी होती. जेवताना तर रोजचंच. वैजू वाढायला आली की अण्णा माझ्या ताटाकडं हात करून म्हणायचे, "लोणचं वाढ गं. येडगडे." मी लोणच्यासकट अपमान भातात कालवून खायचो. एकदा वैजूला आडून विचारलं, अण्णा माझ्याबद्दल काही म्हणतात का? ती म्हणाली, छे, कुठं काय. बापाला पाठीशी घालते आहे, हे मी ओळखलं. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. कायमच्या मुक्कामाला आलेल्या ग्रहाला लोणचं मिळत होतं, हेही नसे थोडके.

अण्णा घराबाहेर पडायचे ते फक्त संध्याकाळी. त्यांची एक जुनी, काळी, हत्तीएवढी सायकल होती. ती घेऊन ते स्टेशनवर जायचे, फलाटावरच्या बाकावर आपल्या जुन्या कारखान्यातल्या दोन निवृत्त मित्रांबरोबर कॉफी प्यायचे आणि अंधार पडताना परत यायचे. सासूबाई गेल्यानंतर त्यांच्या दिवसातली जिवंत राहिलेली गोष्ट ती एवढीच. आणि त्याच वाटेवर एका टेम्पोवाल्यानं त्यांना अंधारात जवळजवळ पुसलंच. सायकलला दिवा नव्हता. म्हणजे होता, मागच्या चाकाला टेकून फिरणारा बाटलीच्या आकाराचा जुना डायनॅमो होता, पुढं वाटीएवढा दिवा होता, पण दोघांनीही काम सोडून कैक वर्षं झाली होती. (त्या बाबतीत आमच्या तिघांचं जमण्यासारखं होतं.)

वैजूनं निकाल दिला. रविवारपर्यंत सायकलला दिवा लागला तर ठीक, नाहीतर सोमवारी सायकल भंगारवाल्याला. त्या रात्री अण्णा जेवले नाहीत.

मी ताबडतोब बॅटरीवरचा दिवा मागवला. तीन तऱ्हांनी लुकलुकणारा, चार्जिंगचा, उत्तम. अण्णांनी तो हातात धरून उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "हा बेडा. हा उसना उजेड. मला पायाचा उजेड पायजे." 'बेडा' म्हणजे नको, हे त्यांनी दिवा ज्या पद्धतीनं परत केला त्यावरून कळलं. दुसऱ्या दिवशी तो तुळशीपाशी टांगलेला दिसला, तिसऱ्या तऱ्हेनं लुकलुकत. तुळस पोलिसांच्या गाडीवर असल्यासारखी वाटत होती.

मग मी ठरवलं. मी इंजिनिअर होतो. कामावर नव्हतो, पण इंजिनिअर होतो. हा डायनॅमो मी चालू करणार, त्याला नवा एलईडी दिवा जोडणार, आणि या घरात निदान एक गोष्ट माझ्या हातून धड झालेली अण्णांना दिसणार. तेवढी एकच गोष्ट मला त्या दिवसांत हवी होती. नोकरीसुद्धा त्याच्या खालोखाल होती.

सुरुवात मी उत्साहानं, म्हणजे चुकीची केली. डायनॅमो, दिवा, सगळं काढून सायकल घासली आणि तिला काळ्याभोर रंगाचे दोन जाड हात दिले. सायकल नवरीसारखी चमकू लागली. डायनॅमो आधी कुठल्या बाजूला बसवलेला होता त्याच्या खुणा मात्र त्या रंगाखाली गडप झाल्या. डायनॅमो गंजून घट्ट झाला होता, म्हणून तो घेऊन इथल्या शिवाजीनगरला गेलो. तिथं दुकानामागून दुकान पालथं घातलं. एकानं मला स्कूटरचा भोंगा घ्यायचा आग्रह केला. दुसऱ्यानं, सासऱ्यांच्या सायकलचा आहे म्हटल्यावर, डायनॅमो कानाशी धरून हलवला आणि गंभीरपणे म्हणाला, "साब, इसको आप के ससुर के साथ रिटायर होना था." शेवटी तेल, वायर, एलईडी आणि किरकोळ सुटे भाग घेऊन परत आलो. तेलात रात्रभर बुडवल्यावर डायनॅमो करकरत का होईना, फिरू लागला.

शनिवारी सकाळी अंगणात बैठक मांडली. भुरभुर पाऊस, मरगळलेलं आभाळ, छपराखाली मी आणि सायकल, आणि खुर्ची टाकून अण्णा. मोतीबिंदूनंतर त्यांना लांबचं अंधुक दिसायचं, पण माझ्या चुका स्वच्छ दिसत असाव्यात. इंटरनेटवर एका दाढीवाल्या परदेशी माणसानं डायनॅमो उजव्या बाजूला बसवलेला पाहिला होता, तसा मी उजव्या बाजूला लावायला घेतला.

"येडगडे," अण्णा म्हणाले.

मी दुर्लक्ष केलं.

"येडगडे लावा, जावईबापू. येडगडे."

'वेड्या गडे, लाव की' हेच वेगळ्या शब्दांत! मी दात आवळले आणि स्क्रूही आवळले. पण डायनॅमो काही टायरला टेकेना. त्याची स्प्रिंग त्याला चाकापासून लांबच ओढायची, जसा काही टायर त्याच्या जातीबाहेरचा. मी जोर लावला. अण्णांनी जप चालू ठेवला. शेवटी जुन्या ट्यूबची पट्टी कापून मी डायनॅमोला चाकाशी करकचून बांधला. अण्णांनी कपाळाला हात लावला आणि आत निघून गेले. त्या पाठमोऱ्या माणसाकडं पाहताना मला पहिल्यांदाच वाटलं, की ते म्हणतात तेच खरं असावं.

दिवा लागला नाही. चाक फिरवलं, डायनॅमो घरघरला, उजेड शून्य. आता या जुन्या डायनॅमोची एक खोड अशी की त्याला वायर एकच असते. परतीची वीज सायकलच्या लोखंडातूनच येते. आणि त्या लोखंडाला मी प्रेमानं दोन हात रंग दिला होता. हे कळायला मला दुपार उजाडली. मध्यंतरी दोष डायनॅमोत आहे का हे पाहावं म्हणून मी एका हातानं पायडल गरागरा फिरवलं आणि दुसऱ्या हातानं डायनॅमोच्या वायरीचं आणि त्याच्या अंगाला जोडलेल्या दुसऱ्या तारेचं, अशी दोन टोकं जिभेवर ठेवली. (इंजिनिअर होतो, हे वर सांगितलंच आहे.) दोष डायनॅमोत नव्हता. डोळ्यांपुढं मात्र लख्ख उजेड पडला.

नेमका त्याच वेळी फोन वाजला. कितीतरी आठवड्यांनी आलेला मुलाखतीचा फोन! बाई गोड आवाजात म्हणाल्या, तुमच्या अनुभवाबद्दल सांगा. माझी जीभ बधिर होऊन पोळीएवढी झाली होती. मी म्हणालो, "थर्टनली, मॅडम. थात वर्थं थॉफ्टवेअर." बाई म्हणाल्या, आम्ही कळवू. अजून कळवताहेत.

फोन ठेवून मी पायरीवर बसलो. पाऊस पडतच होता. त्या दिवशी मी रडलो नाही, एवढंच. मग उठलो, स्क्रूखालचा रंग पत्र्याच्या तुकड्यानं खरवडला आणि चाक फिरवलं. एलईडी मरायला टेकलेल्या ट्यूबलाइटसारखा फडफडला. डायनॅमोची वीज सारखी दिशा बदलते आणि एलईडीला ती एकाच दिशेनं लागते, म्हणून मध्ये छोटी जोडणी केली आणि चाक थांबल्यावरही थोडी वीज शिल्लक राहावी यासाठी एक साठवणीचा भाग बसवला. पुन्हा चाक फिरवलं. भिंतीवर पांढराशुभ्र गोल उमटला. मी एकटाच होतो, तरी मागं वळून कुणी पाहिलं का ते पाहिलं.

रविवारी संध्याकाळी वैजूनं चाचणीची परवानगी दिली, पण सायकल मी चालवायची आणि अण्णांनी कॅरिअरवर बसायचं या अटीवर. अण्णा माझ्या खांद्याला धरून बसले. ट्यूबनं बांधलेला डायनॅमो चाकाला असा काही चिकटला होता की सायकल ओढताना कणसं मळल्यासारखा दम लागत होता. पण दिवा लागला! फक्त पहिल्याच खड्ड्यात तो मान वर करून बसला आणि गल्लीतल्या नारळाच्या झाडांवर उजेड पाडू लागला. प्रत्येक झावळी दिसत होती. रस्ता दिसत नव्हता.

डाव्या कडेला डबकी होती म्हणून मी उजवीकडून चाललो होतो. इतक्यात कानाशी आवाज आला, "येडगडे."

"अण्णा, निदान रस्त्यात तरी नको," मी धापा टाकत म्हणालो.

"येडगडे! अय्यो, येडगडे!"

माझ्या आत इतके दिवस साठलेलं काहीतरी फुटलं. मी पायडल मारत मारत, मागं मान वळवून, सगळी गल्ली ऐकेल अशा आवाजात म्हणालो, "हो, आहे मी येडा! नोकरी गेली माझी! सकाळपासून बंद कॉम्प्युटरसमोर शर्ट घालून बसतो मी! येडा नाही तर काय!"

आणि मग चाकाखालची जमीन अचानक मऊ झाली. सायकल थबकली, आम्ही थबकलो नाही. शेजारच्या मंजुनाथनं फाटकासमोर गाडीसाठी उतार करून घेतला होता, त्याच दुपारी ओतलेल्या ओल्या काँक्रीटचा. त्या उतारावर मी दोन्ही पंजे आणि एक गुडघा टेकून होतो. अण्णा माझ्या शेजारी मांडी घातल्यासारखे बसले होते, धोतरासकट. दिवा, चाक थांबलं तरी, नारळाकडं पाहत जळतच होता.

मला वाटलं, आता काय ते एकदाचं बोलतील. अण्णांनी मिशीवरचं सिमेंट पुसलं.

"नोकरी गेली?" ते म्हणाले. "कधी?"

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"मला कोण सांगणार?"

"मग तुम्ही मला रोज येडगडे का म्हणता?"

अण्णा गोंधळले. मग त्यांनी सिमेंटानं माखलेला डावा हात वर केला आणि लहान मुलाला शिकवावं तसं म्हणाले, "हे येडगडे." मग उजवा वर केला. "हे बलगडे. तुमच्या पुण्यात डावं-उजवं काय म्हणतात?"

काही क्षण मी तसाच चार पायांवर राहिलो. गेले कित्येक महिने डोळ्यांपुढून सरकत गेले. बॅगा घेऊन बोळात उभा असताना, डावीकडची खोली. जेवताना, लोणचं ताटात डावीकडं. (ते डावीकडंच वाढतात, हे आईनं मला लहानपणीच शिकवलं होतं.) आणि डायनॅमो! मुळात डाव्या बाजूसाठीच बनवलेला डायनॅमो मी उजवीकडं बांधून घातला होता, आणि हा माणूस खुर्चीत बसून तेवढंच सांगत होता. काँक्रीट ओतताना दुपारभर तिथं खुर्ची टाकून देखरेख करणारेही अण्णाच होते. म्हणून तर ते ओरडत होते. मला कुणीही वेडा म्हटलं नव्हतं. तो शोध माझा मीच लावला होता आणि तो आता सगळ्या गल्लीला ऐकवला होता.

मंजुनाथ बाहेर आला आणि उतारावरचे ठसे मोजू लागला. वैजू धावत आली. तिनं आम्हा दोघांना पाहिलं, सायकलकडं पाहिलं आणि म्हणाली, उद्या भंगारवाला. बस्स. इतकं करून सायकल गेलीच, आणि ती माझ्याच हातानं.

अण्णा उठायची खटपट करत होते. त्यांचा पाय मुरगळला होता. माझ्या खांद्याला धरून ते कसेबसे उभे राहिले. "सायकल जाणार नाही," ते वैजूला म्हणाले. "मला आता दिसत नाही नीट. मी नाही चालवणार. पण चालवणारे मिळाले."

वैजूनं माझ्याकडं पाहिलं. "याला वेळ कुठंय, अण्णा? ऑफिस..."

"ते मला कळलं," अण्णा म्हणाले. वैजूनं सायकल उचलून भिंतीला टेकवली.

दुसऱ्या दिवशी मी डायनॅमो सोडवला आणि येडगडे लावला. स्प्रिंगनं त्याला अलगद टायरला टेकवलं, जणू इतके दिवस ती हेच सांगत होती. दिव्याची मान खाली करून घट्ट आवळली. मंजुनाथनं उतारावरचे चाकाचे आणि धोतराचे ठसे बुजवले, पण कोपऱ्यातला माझा पंजा तसाच राहिला. रोज त्यावरून जावं लागतं. इस्त्रीचा शर्ट मी घडी घालून ठेवून दिला आहे, खऱ्या मुलाखतीसाठी.

आता रोज संध्याकाळी मी अण्णांना कॅरिअरवर बसवून स्टेशनवर नेतो. पाय बरा झाला, पण डोळे काही सुधारले नाहीत. स्वतः सायकल चालवायची नाही हे त्यांनी ज्या मुकाट्यानं मान्य केलं, ते पाहून मला वाईट वाटतं. सासूबाईंची आठवण निघाली की बाकावर तिघेही म्हातारे चष्मे पुसू लागतात आणि मी रुळांकडं पाहत बसतो. मला नोकरी अजून लागलेली नाही. पहिल्या दिवशी मित्रांनी माझ्याबद्दल विचारलं तेव्हा अण्णा म्हणाले, "जावई. सध्या रजेवर आहेत." मी कॉफीच्या ग्लासात तोंड घातलं.

परवा परतलो तेव्हा अंधार पडला होता. फाटकातून आत आलो, थांबलो. चाक थांबलं, डायनॅमोची घरघर थांबली, पण दिवा मंद जळत राहिला. अण्णा उतरले आणि त्याच्याकडं पाहत उभे राहिले.

"चाक थांबलं तरी राहतो हा?"

"थोडा वेळ राहतो, अण्णा. फिरताना साठवलेलं असतं त्यावर."

त्यांनी दिव्यावरून हात फिरवला. म्हणाले, "मग तुमचंही तसंच. चाक स्वल्प थांबलंय. तेवढंच."

मी म्हणालो, अण्णा, मला इतके दिवस वाटत होतं की तुमच्या दृष्टीनं मी अगदीच कुचकामी, बिनडोक, या घरावरचं ओझं... आणखी काय काय म्हणालो ते आठवत नाही. अण्णांनी माझ्या पाठीवर थोपटलं, मिशीत हसले आणि हळूच म्हणाले, "येडगडे."

मी लगेच डावीकडं पाहिलं. डावीकडं नुसती भिंत होती.